गाडी चालवता येते, पण रस्ता वाचता येतो का?

दसरा झाला, कारखान्यांचे बॉयलर पेटले की मराठवाड्यातल्या पेपरांत एक बातमी पुन्हा पुन्हा दिसू लागते. उसाची ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी होती, मागून दुचाकी धडकली. तालुका बदलतो, मजकूर तोच. मग पारावर, हॉटेलात चहा पिताना एक प्रश्न हमखास निघतो. रस्त्यात खड्डे होते तेव्हा माणसं दुखणारी पाठ धरून का होईना, घरी पोहोचायची. आता सोलापूर-धुळे चौपदरी झाला, तुळजापूर-लातूर-नांदेड झाला, जालना आणि संभाजीनगरातून समृद्धी गेली. तरी अशा बातम्या थांबत का नाहीत?

प्रश्न रास्त आहे. एकट्या २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजारांवर अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालाने 'अतिवेग' या कारणाखाली मोजले. पोलिसांच्या कागदात तो रकाना भरायला सोपा असतो हे मान्य. पण वेगाचं गणित कळलं की तो आकडा फारसा अतिशयोक्त वाटत नाही.

थांबायला किती जागा लागते?

समोर काही दिसलं आणि गाडी थांबली, या दोन क्षणांच्या मध्ये दोन गोष्टी घडतात. आधी डोळ्यांना दिसतं, मेंदूला कळतं आणि पाय ब्रेकवर जातो. याला साधारण दीड सेकंद लागतो आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगात पळत असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि गाडी घासत थांबते. या दोन्ही टप्प्यांत कापलेलं अंतर म्हणजे थांबण्याचं अंतर.

कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक असं सगळं धरूया. ताशी ४० च्या वेगाला गाडी सुमारे २६ मीटरमध्ये थांबते. ६० ला ४५ मीटर लागतात, ८० ला ६९. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे हे अंतर १३० मीटरच्या पुढे जातं. वेग दुप्पट झाला की विचार करण्यात गेलेलं अंतर दुप्पट होतं, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. खरी फसगत इथेच होते. स्पीडोमीटरचा काटा थोडासाच पुढे सरकलेला दिसतो आणि लागणारी जागा मात्र भराभर वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

खड्ड्यांचा रस्ता आपल्याला ४० च्या पुढे जाऊच देत नव्हता. त्या वेगाला नवशिक्याचीही चूक निभावून जायची. चांगल्या रस्त्याने हे बंधन काढून घेतलं. गाडी तीच, चालवणारा तोच आणि त्याचं शिक्षणही तेवढंच. फक्त चुकीला उरलेली जागा संपली.

आता उसाच्या ट्रॉलीकडे वळू. अंधारात उभी असलेली, बिनदिव्याची, मातकट रंगाची वस्तू डिप्परच्या उजेडात साधारण ३०-४० मीटरवर आल्याशिवाय नीट दिसत नाही. समोरून येणाऱ्याने अप्पर मारला असेल तर त्याहूनही उशिरा दिसते. आणि ६० च्या वेगाला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. त्यानंतर कितीही कसलेला हात असला तरी उपयोग नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणं मालकाचं आणि कारखान्याचं काम आहे, त्यात सूट नको. लावलेला रिफ्लेक्टर लोंबत्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याने, झाकला जातो, तेही बघायला हवं. पण उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणं हे मागून येणाऱ्याच्या हातात आहे, आणि हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

'वीस वर्षं चालवतोय, काही झालं नाही'

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. तो खोटा नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

विहिरीवर ओला हात मोटारीच्या स्टार्टरला लावला तर झटका तिथल्या तिथे बसतो. माणूस पुन्हा तसं करत नाही. रस्त्याचं तसं नाही. वळणावर ओव्हरटेक केला, समोरून कुणी आलं नाही. फोनवर बोलत गेवराईपासून पाचोडपर्यंत गेलो, काही झालं नाही. चूक करूनही घरी लवकर पोहोचलो, म्हणजे वर बक्षीसच मिळालं! शंभर वेळा असं झालं की मेंदू ती चूक 'चालतं' या खात्यात टाकतो. पुढच्या खेपेला वळणापलीकडून ट्रक आला की त्या शंभर वेळांचा हिशोब एकदम होतो.

म्हणून नुसता अनुभव पुरत नाही. अनुभवाने हात सराईत होतात, गिअर न बघता पडतो, रिव्हर्स झोकात घेता येते. धोका ओळखणं मात्र वेगळं शिकावं लागतं, कारण बहुतेक चुकांची शिक्षा रस्ता देतच नाही.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय मिळायला हवं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कार शिकवण्याचा काळ किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा वेळ किमान १० तासांचा हवा. ट्रक-बससारख्या वाहनांसाठी ३० दिवस आणि १५ तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची वेगळी योजना आली. तिथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, त्यात २१ तास प्रत्यक्ष चालवणं. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. ही सवलत ऐकून 'चला, आरटीओची फेरी वाचली' असं म्हणणारे भरपूर भेटतील. २१ तासांबद्दल विचारणारे कमी.

नेहमीच्या स्कूलमध्ये गाडीत चौघं जण बसतात, प्रत्येकाच्या हाती दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंग येतं, आणि तेही सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर. क्लच, गिअर, वळण, पार्किंग एवढं होतं. पैसे भरताना एक गोष्ट जरूर विचारा. कोणत्या शिकाऊ चालकाने किती तास गाडी चालवली याची नोंद नमुना १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवणं स्कूलला बंधनकारक आहे. आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायला मागा.

यात राहून जातं ते रस्ता वाचणं. नवा चालक बोनेटच्या पुढचं थोडंसं बघतो आणि नजर तिथेच खिळवतो. मुरलेला चालक लांब बघतो, दोन्ही कडा चाळत राहतो, आरसे बघतो. त्याला वस्तूंपेक्षा इशारे दिसतात. फाट्यावर एसटी थांबली आहे, म्हणजे तिच्या पुढून कुणीतरी धावत रस्ता ओलांडणार. डावीकडच्या कच्च्या वाटेवर धूळ उठली आहे, म्हणजे ट्रॅक्टर न थांबता डांबरावर चढणार. दिवस मावळायला आलाय, म्हणजे म्हशी परत निघाल्यात. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलंय, म्हणजे समोरचा आपल्या बाजूला येणार. अश्विनी पौर्णिमा जवळ आली आहे, म्हणजे तुळजापूरच्या रस्त्याला रात्रभर पायी भाविक असणार.

याची एक साधी तालीम आहे. गाडी चालवताना दिसेल तो धोका तोंडाने बोलायचा. "एसटी थांबली, पुढून माणूस निघंल, पाय ब्रेकवर. मोटारसायकलवाला मागं न बघता वळंल, हॉर्न." पाच मिनिटं बोलून बघा. आपण किती गोष्टी न बघता पुढे जात होतो ते लगेच कळतं. सुरुवातीला शेजारी बसलेली मंडळी हसतील, हसू द्या.

मग सक्तीचं प्रशिक्षण दिलं की अपघात कमी होतात?

इथे सरळ 'हो' म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी एक मोठा प्रयोग झाला. शाळकरी वयाच्या १६ हजारांहून अधिक मुलामुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं. काहींना भरपूर प्रशिक्षण दिलं, काहींना जेमतेम, काहींना काहीच नाही. पहिल्या काही महिन्यांत थोडा फरक दिसला, पुढे तो विरून गेला. नॉर्डिक देशांत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं खास प्रशिक्षण दिलं, तर तरुण पोरांचा आत्मविश्वास वाढला आणि ती जास्त जोरात चालवू लागली. कौशल्य वाढलं आणि सुरक्षितता वाढली नाही.

याचा अर्थ प्रशिक्षण फुकट असा नाही. कशाचं प्रशिक्षण आणि त्यानंतर काय, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले. ब्रिटनने २००२ मध्ये परवान्याच्या लेखी परीक्षेत व्हिडिओ दाखवून 'धोका दिसला की बटण दाबा' अशी चाचणी आणली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देणं सुरू केलं. नव्या चालकाला आधी मोठ्या माणसासोबत, मग एकट्याने पण रात्री उशिरा नाही आणि मित्रांना घेऊन नाही, आणि मग पूर्ण मोकळीक. असे टप्पे जिथे जिथे लागू झाले तिथे तरुण चालकांचे अपघात घटले.

आपल्याला ही पद्धत नवी वाटायचं कारण नाही. विहिरीत पोहायला आपण असेच शिकलो. पाठीला डबा, काठावर काका, आधी पायरीजवळ, मग विहिरीच्या मध्यापर्यंत, आणि डबा सोडला तरी काका काठावर उभेच. गाडीच्या बाबतीत मात्र पोरगं परवाना घेऊन आलं की त्याच रात्री चार मित्रांसह ढाब्यावर जातं, आणि काठावर कोणी नसतं.

ओव्हरटेकचा हिशोब

मराठवाड्यातले कितीतरी रस्ते अजून दुपदरी आहेत, तिथला सगळ्यात महागडा निर्णय हाच. समोरचा ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. दोघांच्या वेगातला फरक फक्त २० चा. मागचं अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे घुसायची जागा धरली तर ६० मीटरची आघाडी घ्यावी लागते, त्याला जवळपास ११ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही २४० मीटर पुढे गेलात, आणि समोरून ८० ने येणाराही २४० मीटर जवळ आला. म्हणजे रस्ता साधारण अर्धा किलोमीटर मोकळा दिसायला हवा. अंधारात समोरचे दोन दिवे किती लांब आहेत, किती वेगात आहेत, हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही. आणि कमाई काय? पुढच्या ४० किलोमीटरमध्ये सलग ६० ऐवजी सलग ८० ने गेलात, जे होत नाही, तरी दहा मिनिटं.

पुढच्या गाडीपासून अंतराचंही तसंच. निदान दोन सेकंदांचं अंतर हवं, पावसात दुप्पट. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश 'पुंडलिक वरदे हारि विठ्ठल' म्हणायचं. म्हणून संपायच्या आत आपण खांबाजवळ पोहोचलो तर फार जवळ आहोत. मी हेच वापरतो. इंग्रजी मोजण्यापेक्षा बरं पडतं.

मागच्या सीटवर पट्टा कशाला?

बीड जिल्ह्यात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर होते. शहरातल्या रस्त्यावरची धडक, महामार्गही नव्हे. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, नंतर म्हणाले होते की पट्टा लावला असता तर ते वाचले असते.

कारण सोपं आहे. गाडी ५० ने जाताना आदळून थांबली तरी आतलं शरीर ५० नेच पुढे जात राहतं. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो. हा मार सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. हाताने सीट धरून तो अडवता येत नाही.

'एअरबॅग आहे की' हे उत्तर अर्धवट आहे. एअरबॅग पट्टा लावलेल्या शरीरासाठी बनवलेली असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला माणूस फुगत्या पिशवीवर आदळला तर तीच इजा करते. लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं, जे आपल्याकडे लाडाचं समजतात, ते यासाठीच सगळ्यात धोक्याचं.

झोपेशी पैज

पुण्यात नोकरी, गाव लातूर-नांदेडकडे. शुक्रवारी ऑफिस सुटलं, नऊला निघालो, पहाटे पोहोचू. ही आपल्याकडची मोठी जमात आहे, दिवाळीत तर रांगच. पहाटे दोन ते पाच हा काळ शरीर झोप मागतं तो. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे बीडहून मुंबईला निघाले होते. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे पाचच्या सुमारास द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीचा अपघात झाला. त्या अपघाताचं कारण काय, हा वेगळा विषय. पण रात्रभराच्या प्रवासानंतरची ती वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डुलकी लागते ती चार सेकंदांची, कधी डोळे उघडे असताना. १०० च्या वेगाला चार सेकंद म्हणजे ११० मीटर गाडी आपली आपणच चालते. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर तर जागेपणीही मन बधिर होतं, कारण डोळ्यांना नवं काहीच मिळत नाही. गाणी मोठ्याने लावणं, काच खाली करणं, तंबाखू मळणं यांनी दहा मिनिटं निघतात. उपाय दोनच: चालक बदलणं, किंवा चहा पिऊन लगेच गाडीत १५-२० मिनिटं झोपणं. चहाचा असर तोवर सुरू होतो. मात्र गाडी रस्त्याच्या कडेला नाही, पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात लावून. पुन्हा आपलीच गाडी कुणाची तरी उभी ट्रॉली व्हायला नको.

जाता जाता टायरबद्दल. 'उन्हाळ्यात हवा कमी भरा' हा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, त्याने जास्त तापतो आणि फुटतो. कंपनीने दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला आकडा, टायर थंड असताना.

'गावातल्या गावात कशाला हेल्मेट?'

डोकं जमिनीवर आपटायला महामार्ग लागत नाही. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक मेले. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, मागे बसलेल्या आईलाही. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट मात्र पोलिसापुरतंच. धडकेत ते डोक्याच्या आधी उडतं.

'पोराला क्लासला जायला गाडी लागतेच'

लातुरात, संभाजीनगरात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांच्या पालकांची ही अडचण खरी आहे. पण सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटी त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ताशी २५ पर्यंतच्या, कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना लागत नाही. सायकलला तर नाहीच.

आणि अठरा पूर्ण झाल्यावर घरीच शिकवणार असाल तर शिकाऊ परवान्याचे सहा महिने वापरा. पक्का परवाना ३० दिवसांनी मागता येतो म्हणून ३१ व्या दिवशी मागायलाच हवा असं नाही. पहिले दोन महिने दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी मोठं माणूस. मग बाजाराच्या दिवशी गावातून. मग पावसात, मग महामार्गावर, मग भरलेल्या गाडीत, कारण पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असलं की ब्रेक वेगळा लागतो. रात्रीचे धडे शेवटी ठेवा, आणि तेही कारखाने बंद झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये. लग्नाची मोठी तिथ तेवढी कॅलेंडरात बघून टाळा, नाहीतर पहिल्याच रात्री वरातीच्या डीजेमागे दीड तास फर्स्ट गिअरचाच सराव होईल.